भजंत्री मास्तरांच्या गतीतली ठेच

मिस्टर कॉनर ग्रंथालयाच्या पायऱ्या चढून आला तेव्हा त्याच्या एका हातात चामडी पेटी होती आणि दुसऱ्या हातात अर्धं सोललेलं केळं. मी खिडकीतून बघत होते आणि सवयीप्रमाणे मनाशी मांडत होते, की या माणसाला इथून काय मिळणार? पैसा तर नाहीच. आयर्लंडातल्या कुठल्याशा खेड्यातला हा शाळामास्तर, बिनपगारी रजा काढून बेळगावला आलेला. कीर्ती म्हणावी तर ती एका पुस्तकातल्या एका प्रकरणाएवढी. पण त्या प्रकरणासाठी तो एकोणीस वर्षं एकाच नाचाच्या चालीमागे हिंडत होता. एकोणीस वर्षं बायकोमागे हिंडलेला पुरुषही मी तोवर पाहिला नव्हता.

साल त्र्याऐंशी. मी तेव्हा आमच्या संगीत ग्रंथालयात नोंदणीचं काम करायची, सहा वर्षं हंगामी. पुस्तकं, तबकड्या, फुटके तंबोरे, जे येईल त्याला क्रमांक द्यायचा. अध्यक्ष नानासाहेब राजगोळकरांनी सांगून ठेवलं होतं, "नेसरीकरबाई, परदेशी पाहुणा आहे. रविवारी नव्या सभागृहात त्याचं भाषण ठेवू, फोटो काढू. हे नीट पार पाडा, मग तुमच्या कायमपणाचं बघतो." म्हणजे नानासाहेबांना फोटो मिळणार होता आणि मला त्यांची सही.

कॉनरनं बसायच्या आधी खिशातून कॅसेट काढली. "मिस नेसरीकर, हा बँड कुठे भेटेल?"

कॅसेट लावली. लग्नाची वरात. फटाके, घोड्याचं खिंकाळणं, आणि त्या सगळ्यावर सिद्राम मास्तर भजंत्रींचं क्लॅरिनेट. बेळगावात ही गत ठाऊक नाही असं पोरही सापडलं नसतं.

"ही आमची भजंत्रींची गत," मी म्हटलं.

"ही आमची जिग," तो म्हणाला, आणि उरलेलं केळं त्यानं माझ्या नोंदवहीवर ठेवलं.

जिग म्हणजे त्यांच्याकडची नाचाची चाल, सहा-सहा मात्रांची. आपल्या दादऱ्याला घोड्यावर बसवून चाबूक ओढला तर जे होईल ते. कॉनरकडे या एका जिगची एकतीस ध्वनिमुद्रणं होती, आणि चाली छापलेली चार जुनी पुस्तकं. सगळीकडे ती सारखीच. फक्त बेळगावच्या वरातीत दुसऱ्या भागात काहीतरी वेगळंच घडत होतं, आणि ते जगात आणखी कुठे नव्हतं. त्याच्या प्रकरणाचा नायक तेच.

मी मास्तरांना बोलावणं धाडलं. सहासष्ट वर्षांचा माणूस, इस्त्रीचा जुना कोट, कानात अत्तराचा बोळा. आले ते क्लॅरिनेट घेऊनच.

"बाई, सायबाला सांगा, सकाळी तोंडात पान नसतंय म्हणून वाजवतो. संध्याकाळी आला असता तर नुसतं ऐकूनच जावं लागलं असतं."

आणि वाजवली. पहिला भाग दोनदा, दुसरा भाग, आणि मग ती ठेच. धावती गत एका जागी अडखळते, तोच तुकडा पुन्हा येतो, सगळं एकदम थांबतं. वरातीत अख्खा बँड इथे गप्प होतो आणि ढोलवाला ढोलाच्या कडेवर बोटानं एकच टिचकी मारतो. आत्ता मास्तरांनीच ती क्लॅरिनेटच्या लाकडावर मारली. टक्. आणि गत सुटली पुढे. या टिचकीला नवरदेवाचा घोडा पाय उचलतो अशी ख्याती होती. दुसऱ्या बँडवाल्यांना ती कधी साधली नाही. त्यांची मोजणी सहाची, आणि मास्तरांच्या ठेचेत स्वर पाच.

कॉनर उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. "पाच! सहात पाच! विचारा त्यांना, हे कुणी शिकवलं?"

"माज्या अप्पानं. बसाप्पा मास्तर. गत त्यानंच रचली," मास्तर म्हणाले. "आणि हे सायबानं लिहून द्यावं. सही-शिक्क्यानं. त्यासाठीच आलोय मी."

कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी मेणकापडात गुंडाळलेला कागद काढला. इंग्रजी टंकलेखन, घडीवर विरलेलं. मी वाचला. बसाप्पा भजंत्री हा कॅम्पातल्या ऑफिसर मेसमध्ये फोनोला, म्हणजे ग्रामोफोनला, चावी देण्याच्या कामावर होता. मेसची एक तबकडी नाहीशी झाली. म्हणून त्याला कामावरून काढण्यात येत आहे. तारीख सत्तावीस जून एकोणीसशे एकवीस.

"बासष्ट वर्षं झाली," मास्तर म्हणाले. "अजून कुठं सुपारी धरायला गेलो तर समोरचा बँडवाला म्हणतोय, भजंत्रींच्या हातात चांदीचं ताट देऊ नका हो. हसून म्हणतोय, पण म्हणतोय. अप्पा मरेस्तोवर सांगत होता, गत माजी आहे, मी रचली, मला तबकडीची गरजच काय? गत त्याची ठरली की चोरी आपसूक गेली. सांगा की सायबाला."

मी सांगितलं. कॉनरचा चेहरा पडला. त्यानं चारांतलं सर्वांत जुनं पुस्तक उघडून माझ्यापुढे सरकवलं. छापून शंभर वर्षं झालेली. मला विलायती स्वरलिपी जेमतेम येत होती. बोट ठेवत गुणगुणले आणि दुसऱ्या ओळीलाच थांबले. गत जशीच्या तशी होती, ठेच सोडून.

"काय लिवलंय?" मास्तरांनी विचारलं.

"मास्तर, ही गत तुमच्या वडिलांच्या जन्माआधीची आहे. तिकडे तिला ‘विधवेचा हंस’ म्हणतात."

"लग्नात वाजवतो हो आम्ही! विधवा कशाला आणता मध्ये?" ते हसले. मग काय ऐकलं ते उमगलं, आणि हसू अर्ध्यावरच राहिलं. "पण ठेच न्हाई ना त्यात? ठेच तरी अप्पाची?"

"ठेच नाही."

"मग?"

मी भाषांतर करून सांगितल्यावर कॉनर म्हणाला, "ठेच त्यांची असेल तर मी छापीन, वडिलांच्या नावानं छापीन. पण गत त्यांना कुणीतरी ऐकवली. पुस्तकातून की तबकडीवरून, तेवढं मला शोधायला हवं."

"शोधा," मास्तर म्हणाले. "मी पण बसतो."

आता माझं सांगते. त्या दिवशी मला कायमपण आठवलं नाही, नानासाहेब आठवले नाहीत, दुपारचा डबाही आठवला नाही. सहा वर्षं मी या कपाटांना क्रमांक चिकटवत होते. कुणीतरी त्यातलं काहीतरी खरंच मागतंय, हे पहिल्यांदाच घडत होतं! कॉनर कोट काढून शिडीवर चढला. मी खालून पेट्या पकडत गेले. मास्तर पुसायला बसले. धुळीनं तिघं शिंकून बेजार.

"ह्यात पलटणीतला बाजा असेल," मास्तर एक तबकडी पुसत म्हणाले.

"आहे, पण हा लष्करी कूच आहे, आपली गत नाही," मी म्हटलं.

"ही?" कॉनरनं शिडीवरून विचारलं.

"ही आमची लावणी आहे, मिस्टर कॉनर, उलटी धरलीत."

दुसऱ्या दिवशी दुपारी राजगोळकर संग्रहाची पाळी आली. नानासाहेबांच्या आजोबांच्या, रावबहादुरांच्या दोनशे तबकड्या ग्रंथालयाला देणगी मिळाल्या होत्या. मीच नोंदल्या होत्या. त्यांतल्या एकीचा कागद पार झिजलेला. माझी नोंद: ‘क्र. ४१. विलायती वाद्य, नाव अस्पष्ट.’ ऐकली मात्र नव्हती. नोंदणाऱ्यानं ऐकत बसावं अशी ग्रंथालयात पद्धत नव्हती.

फोनोला चावी दिली. सुई टेकवली. खरखर, खरखर, आणि फिडल, म्हणजे त्यांचं व्हायोलिन.

"विधवेचा हंस!" कॉनर ओरडला. "बत्तिसावं!"

पहिला भाग दोनदा. दुसरा भाग. आणि फिडल अडखळलं. तोच तुकडा पुन्हा, मग पुन्हा, आणि पुन्हा. तबकडीवर ओरखडा होता, नखाएवढा. सुई दर फेऱ्याला मागच्याच रेघेत घसरत होती. तोच तुकडा, पाच स्वर. आम्ही दोघं नुसते बघत राहिलो, हात कुणाचाच पुढे होईना.

सिद्राम मास्तर उठले. त्यांनी तर्जनी पुढे केली आणि सुईच्या डबीवर हलकी टिचकी मारली. टक्. सुई सुटली, गत पुढे गेली.

फिडल संपलं. मग कॉनर खुर्चीत बसून हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईतो. "तबकडीचा एक फेरा म्हणजे या लयीत पाच स्वर! एकोणीस वर्षं! अर्ध्या जगाला वळसा घालून मी एका ओरखड्यापाशी पोचलो!" त्याचं प्रकरण आमच्यादेखत मेलं होतं आणि तो सुतकातल्या माणसासारखा अजिबात दिसत नव्हता. "मिस नेसरीकर, सुई अडली की चावी देणारा टिचकी मारायचा. या माणसानं ती टिचकीसुद्धा गतीत घेतली! ओरखडा पाठ केला त्यानं!"

मी मास्तरांकडे पाहिलं. ते तबकडी हातात घेऊन पाठीमागचा भाग बघत होते. तिथे पांढऱ्या रंगात मुकुटाचं चिन्ह, त्याखाली मेसचा क्रमांक.

"म्हणजे हीच," ते हळू म्हणाले. "हीच गेलेली तबकडी. बाई, बाप माजा खोटं बोलला. गत त्याची न्हाई, ठेच पण त्याची न्हाई. मग चोरी न्हाई केली, ते तरी खरं कशावरनं?"

"मास्तर, त्यांनी मेसमध्येच ऐकली असेल. रोज चावी तेच देत होते."

"लोकांना काय सांगू? असेल म्हणून?"

त्या माणसाला मी तसं घरी जाऊ देऊ शकले नाही. आणि खरं सांगायचं तर माझी नोंदी ठेवणारीची खोडही उठून बसली होती. मेसची तबकडी राजगोळकरांच्या घरात आली कशी? रावबहादूर मोठे नेटके गृहस्थ. त्यांच्या हातची तबकड्यांची एक वही संग्रहाबरोबर आली होती. मी तिला क्रमांक दिला होता, वाचली नव्हती. पद्धत सांगितलीच वर.

वही काढली. मोडीवजा वळणाचं अक्षर. एक्केचाळीस आकडा सापडला. मी मनात वाचलं, मग खुर्ची ओढून बसले.

"काय?" कॉनर म्हणाला.

"मास्तर, ऐका. ‘आयरिश गत. मेसमधून ऐकावयास आणिली. ता. ११ जून १९२१. परत करणे.’"

"पुन्हा वाचा."

वाचलं.

"तारीख वाचा."

"अकरा जून. आणि तुमच्या कागदावर सत्तावीस. मास्तर, तुमच्या अप्पांना काढलं तेव्हा तबकडी सोळा दिवस रावबहादुरांच्या दिवाणखान्यात होती. इतर उसन्या आणलेल्यांपुढे ‘केली’ अशी खूण आहे. हिच्यापुढे नाही."

मास्तरांनी वहीवर हात ठेवला. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी बोट बरोबर त्या ओळीवर होतं. "रावबहादूर अप्पाला दर दसऱ्याला बोलवायचे," ते म्हणाले. "वाजवायला. हीच गत वाजव म्हणायचे. आणि वर धोतरजोडी द्यायचे."

मी हे कॉनरला भाषांतर करून सांगितलं.

"बरं झालं की," मास्तर एकाएकी ताठ होऊन म्हणाले. "गत न्हाई रचली अप्पानं. ऐकली. ऐकायला काय शिक्षा असते काय? चोरी न्हाई केली हे पटवायला बिचाऱ्याला दुसरं खोटं बोलावं लागलं. आता नको ते. बाई, हे रविवारी वाचायचं. चारचौघांत."

शनिवारी मी वही घेऊन नानासाहेबांकडे गेले. चोरून वाचायचं नव्हतं मला. त्यांनी चष्मा लावून ओळ वाचली, चष्मा काढला, चहा मागवला.

"सभागृहाला कुणाचं नाव देतोय आपण, बाई?"

"रावबहादुरांचं."

"मग? एखादी गोष्ट परत करायची राहते माणसाची. तुमच्या घरी शेजाऱ्यांची वाटी नाही?"

"त्या वाटीपायी कुणाची नोकरी गेली नाही, नानासाहेब."

ते हसले. हसणं छान होतं त्यांचं, घराण्यात होतं. "जुन्या वह्यांची पानं सुटतात हो. कसर लागते. आणि हे बघा, तुमची फाइल काढून ठेवलीय मी. सोमवारी सही करतो. रविवार पार पडू दे."

मी वही परत घेऊन आले. पान होतं तिथेच ठेवलं. पण वाचायचं असं काही ठरवलं होतं म्हणून सांगितलं, तर ते खोटं होईल. रात्रभर मी सोमवारच्या सहीचीच अक्षरं बघत होते.

रविवारी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत वकील, डॉक्टर, कॅम्पातले दोन कर्नल. मागे शहरातले सगळे बँडवाले, बिल्ल्यांसकट. मास्तरांनीच बोलावले होते. कॉनरनं पुस्तकं दाखवली, कॅसेटी ऐकवल्या, स्वतःचं प्रकरण कसं मेलं तेही सांगितलं आणि लोकांना पोट धरून हसवलं. मी तबकडी लावली. ओरखडा आला. मास्तर व्यासपीठावर क्लॅरिनेट घेऊन उभे होते. त्यांनी टिचकी मारली आणि पुढची गत फिडलबरोबर स्वतः उचलली. काय वाजवली! मागचे बँडवाले उभे राहिले. चिमटे काढणारेही.

टाळ्या थांबल्यावर मास्तर माझ्याकडे वळले. "बाई, वाचा."

नानासाहेब माझ्याकडे बघत होते. हसतच.

मी वाचलं. ओळ, तारीख, मग मास्तरांचा कागद, त्याची तारीख. अक्षरं मोठ्यानं आली. ‘परत करणे’ पुन्हा एकदा वाचलं. मागून एक म्हातारा ढोलवाला म्हणाला, "अरे सिद्रामा, माफ कर रे बाबा," आणि मास्तरांनी कोटाच्या बाहीत तोंड लपवलं.

आता यापुढे जे झालं त्याला मी अजून दाद देते. नानासाहेब उठले. शांतपणे व्यासपीठावर आले. फोनोवरची तबकडी उचलली, दोन्ही हातांत धरली आणि म्हणाले, "माझ्या आजोबांच्या हातून एक गोष्ट परत करायची राहिली. ती आज त्यांचा नातू परत करतो आहे. भजंत्री मास्तर, ही तुमची." स्वतःच्या गळ्यातला हार त्यांनी मास्तरांच्या गळ्यात घातला. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की छायाचित्रकाराला दोनदा फोटो घ्यावा लागला. सोमवारच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर तोच. मथळा: ‘राजगोळकर घराण्याचा दिलदारपणा.’

सोमवारी सही झाली नाही. फाइल सापडत नव्हती.

मार्चमध्ये ग्रंथालयाची वार्षिक मोजणी झाली. दोनशे तबकड्यांत एक कमी. क्रमांक एक्केचाळीस. मोजणी करणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, देण्याचा ठराव कुठे आहे? ठराव नव्हता. मी म्हटलं, अध्यक्षांनी चारशे माणसांदेखत दिली. ते म्हणाले, चारशे माणसं कुठे नोंदलेली आहेत? नानासाहेबांना विचारलं तेव्हा ते आठवून आठवून म्हणाले, "दिली खरी. पण ग्रंथालयाचीच दिली की बाईंनी दुसरी कुठली लावली होती, ते मी कसं सांगू? सांभाळायचं काम त्यांचं."

मास्तरांच्या कानावर गेलं. तबकडी टॉवेलात गुंडाळून ते धावत आले. "घ्या ही, बाई. ठेवा कपाटात. बोंब मिटवा."

"मास्तर, कपाटात गेली की तिच्यावर चिठ्ठी कुठली लागेल?"

ते घुटमळले. "राजगोळकर संग्रह."

"मग घरी न्या."

"तुमच्या नावाला लागलं की हो हे."

"लागू दे. माझं नाव वाचणार कोण? नोंदवह्या वाचायची पद्धतच नाही इथे."

ते हसले नाहीत. टॉवेलाची गाठ पुन्हा मारली, वाकून नमस्कार केला. एवढा वाकून की मी दोन पावलं मागे सरले.

तेव्हा हिशेब असा झाला. कॉनरनं एकोणीस वर्षं दिली आणि बदल्यात एक तळटीप घेतली. पुस्तक आलं तेव्हा त्यात बसाप्पा भजंत्री हे नाव होतं, स्पेलिंगसकट बरोबर. सिद्राम मास्तरांनी बापाची गत दिली आणि बाप परत मिळवला. नानासाहेबांनी एक हार दिला, तोही ग्रंथालयाच्या खर्चातला. रावबहादुरांनी काहीच दिलं नाही, सभागृह मात्र घेतलं. आणि माझ्या सेवापुस्तकात तांबड्या शाईची एक ओळ आहे: ‘तबकडी क्र. ४१ गहाळ. जबाबदार, शा. नेसरीकर.’ इथली नोकरी सुटली, आणि पुढे दुसऱ्या गावी दुसरी नोकरी लागेपर्यंत तीन ठिकाणी ती ओळ वाचून मला नकार मिळाला. भरपाई मी केली. पूर्ण.